नऊ फळ्यांची जमीन

३ जानेवारी

टाचणीबाई,

तुझ्या आईनं फोनवर बरंच काही ओरडून सांगितलं. त्यातलं "दुसरी आली" एवढंच माझ्या कानात शिरलं. चाळीस वर्षं करवतीशेजारी उभं राहिल्यावर कान आणखी काय करणार? फोन ठेवल्यावर मामीनं उजव्या कानाशी येऊन खुलासा केला, "अहो, भाची नाचात दुसरी आली." म्हटलं, आता पत्रच लिहितो. कागदाला ओरडावं लागत नाही.

शेजारच्या शिंप्यानं त्याच्या मोबाइलवर तुझा नाच दाखवला. दोन वेळा पाहिला. पहिल्या वेळी मला वाटलं, भांडण लागलंय. ती पिवळ्या टोपीवाली मुलगी तुझ्यासमोर आली, जमिनीवर लोळली, डोक्यावर गरगर फिरली आणि उठता उठता हात असा झटकला, जसं काही तू अंगावर बसलेली माशी. मी शिंप्याला म्हटलं, "या पोरीच्या घरी कुणी मोठं माणूस आहे की नाही?" मग तुझी पाळी आली. तू तर तिच्यापुढे जांभई दिलीस! तुझ्या आईला हे सांगितलेलं नाही. सांगू का, ते कळव.

दुसऱ्या वेळी मी नाच पाहिला नाही, फक्त हात पाहिले. सुताराची सवय. समोरच्याचा चेहरा विसरेन, पण त्यानं पटाशी कशी धरली ते लक्षात राहतं. पहिल्या फेरीत तू दोन्ही हातांवर उभी राहिलीस. शेवटच्या फेरीत डावा हात एकदाही जमिनीला लावला नाहीस. का गं?

सरळ सांग. गोल गोल फिरायचं ते जमिनीवर, माझ्याशी नाही.

तुझा,
सुतारमामा


१५ जानेवारी

मामा,

आईला जांभईचं सांगितलंस, तर तू मामीपासून चोरून गूळ खातोस हे सांगणारं पत्रही तिकडे पोचेल. समजून वाग.

अरे, ते भांडण नव्हतं. त्याला बॅटल म्हणतात. दोघं समोरासमोर, मध्ये मोकळी जागा, कडेला तीन परीक्षक. एकानं नाचायचं, दुसऱ्यानं त्याला नाचूनच उत्तर द्यायचं. हात झटकणं, जांभई देणं, हे सगळं त्यातच येतं. कुणी मनाला लावून घेत नाही.

निदान तसं म्हणतात सगळे. मी मात्र लावून घेतलंय.

त्या पिवळ्या टोपीवालीला भिंगरी म्हणतात. तेही मला स्पीकरवरून पुकारलं तेव्हा कळलं. चार वर्षं आम्ही समोरासमोर नाचतोय आणि एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. आमच्या शहरात नाचणाऱ्यांच्या तीन टोळ्या आहेत. बॅटल संपली की जो तो आपली बॅग उचलतो आणि आपल्या रस्त्यानं जातो. हरलेला तर मागच्या दारानं. मधल्या दिवसांत प्रत्येक जण कुठल्या तरी बंद दुकानापुढे, भिंतीकडे तोंड करून सराव करतो, आपलं कुणी काही उचलू नये म्हणून.

मी एक चाल बसवली होती, मामा. एका हातावर उलटं उभं राहायचं, पाय छत्रीसारखे उघडायचे आणि खट्‌कन मिटत, फिरत खाली यायचं. मी तिला "छत्री" म्हणते. सात महिने लागले. कुणाला दाखवली नाही. आणि भिंगरीनं ती माझ्याच समोर, माझ्याआधी केली! तीच छत्री. तिला कुठून कळली, देव जाणे. पण मे महिन्यात मोठी बॅटल आहे. तिथे मी तिला तीच करून दाखवणार, तिच्यापेक्षा दुप्पट चांगली.

त्यासाठी तुझ्याकडे एक मागणं. रस्त्यावर सराव केला की कुणीतरी बघतंच. मला घरातच नाचायचंय. पण आमची लादी अशी की हाताची सालं निघतात. मला लाकडाची जमीन करून देशील? खोली नऊ फूट बाय नऊ फूट आहे. त्या बेतानं कर. चष्म्याच्या दुकानात काचा घासून जो काही पगार मिळतो, त्यातून लाकडाचे पाठवीन.

हात ठीक आहे. तुझी नजर फार बारीक झालीय. दुकानात ये, नंबर तपासून देते.

तुझी,
टाचणी


२६ फेब्रुवारी

टाचणीबाई,

लाकडाच्या पैशांचं पुन्हा बोललीस, तर तुझ्या जमिनीवर खिळे उलटे मारून पाठवीन.

जमीन झाली. उद्या टेम्पोनं निघेल. टेम्पोवाला ओळखीचा आहे. त्याला चहा पाज, बोलबोल बोलेल. मन लावून ऐक. माझ्यापुढे बिचाऱ्याचं सगळं बोलणं वाया जातं.

एकसंध फळी तुझ्या जिन्यात वळली नसती, म्हणून नऊ तुकडे केले. प्रत्येक तीन फूट बाय तीन फूट. मागच्या बाजूला आकडे घातलेत. त्यांना खिळा नाही, स्क्रू नाही, डिंक नाही. कडांना माझा "मुका सांधा" आहे. कडेच्या आठ फळ्या एकीत एक सरकवत बसव आणि मधली, पाच नंबरची, शेवटी वरून सोड. ती बसली की सगळ्या एकमेकींना धरतात. वर हत्ती नाचला तरी कुरकुरणार नाहीत. पाच नंबर नसेल तर बाकीच्या आठ सैल. उचलताना पाच नंबरपासूनच सुरुवात कर. तिच्यात बोटं घालायला भोक ठेवलंय. उजव्या हाताला सोयीचं पडेल असं.

हा सांधा माझा मी शोधलेला. मला कोणी गुरू नव्हता. लोकांच्या मोडक्या खुर्च्या उघडून बघायच्या आणि त्या का मोडल्या ते शोधायचं, हीच माझी शाळा. पण हा सांधा मी कुणाला उघडून बघू दिला नाही. दुकानात माझा जोडीदार होता. तुला आठवेल, ज्याच्या कानावर सदा पेन्सिल असायची. तू त्याला पेन्सिलकाका म्हणायचीस. त्यानं एकदा विचारलं, "गड्या, हे धरतं कसं?" मी म्हटलं, "धरतं ना? मग झालं." त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. आता दोन गल्ल्या पलीकडे राहतो. रस्त्यात भेटला तर मान हलवतो.

हे का लिहिलं कोण जाणे. लाकडाच्या भुश्यात बसलं की डोक्यात असलं काहीतरी येतं.

जमिनीला मेण लावू नकोस. चमक येईल आणि पाय जाईल.

तुझा,
सुतारमामा


७ मार्च

मामा,

तू खोलीभर जमीन पाठवलीस.

म्हणजे अक्षरशः खोलीभर. भिंतीपासून भिंतीपर्यंत. अरे, खोलीत तीन पलंग आहेत! तीन मुली आहेत, दोन कपाटं आहेत, दाराआड पाण्याचा पिंप आहे. मी खोलीचं माप दिलं ते तुला अंदाज यावा म्हणून. तू सुतार माणूस, "खोली नऊ बाय नऊ" म्हटल्यावर जमीन नऊ बाय नऊ. आम्ही तिघींनी काय छताला लटकायचं होतं?

टेम्पोवाल्यानं नऊच्या नऊ फळ्या जिन्याखाली रचल्या, दोन कप चहा प्यायला, त्याच्या साडूची सगळी कहाणी सांगितली आणि गेला. घरमालकीणबाई खाली आल्या. "हे सरपण कुणाचं?" मी म्हटलं, "सरपण नाही, माझी जमीन आहे." त्या म्हणाल्या, "जमीन असेल तर जमिनीवर ने. माझ्या जिन्यात नको."

आमच्या गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या बाजाराची मोठी शेड आहे. न्यायची तर तिथेच. पण मला एकटीला उचलता येईना (हात जरा आखडलाय, काळजी करू नकोस). म्हणून आमच्या टोळीतल्या दोघांना फोन केला. ते येताना वाटेत दुसऱ्या टोळीतला वेल्डर भेटला. तो फाटकं वगैरे जोडायचं काम करतो आणि नाचतो एखाद्या स्प्रिंगसारखा. फळीच्या कडा बघून तो जागीच खिळला. "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "माझ्या मामानं." म्हणाला, "एक मला दे, मी उचलतो." बघता बघता फळ्या निघाल्याची बातमी पसरली. आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा तिन्ही टोळ्यांतली पंधरा-सोळा माणसं हजर. आणि खांबाला टेकून पिवळी टोपी.

मी आठ फळ्या लावून घेतल्या. पाच नंबर वरून सोडली. ती जो "टप्प" आवाज करून बसली ना मामा, सगळे एकदम पुढे सरकले.

मग काय, नाचले सगळे. एवढ्याशा जमिनीवर एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे बाकीच्यांना कडेनं गोल उभं राहावंच लागतं. समोरासमोर दोन बाजूच होईनात. जिंकायचं कुणी, हरायचं कुणी, काही कळेना, म्हणून लोक नुसतेच टाळ्या वाजवायला लागले. आपल्या टोळीला, दुसऱ्या टोळीला, ज्याला त्याला. मी नाचले नाही. जमीन माझी, म्हणून म्हटलं पाहुण्यांना आधी.

संध्याकाळी रखवालदार आला. नाचणाऱ्यांचे पाय बघून खूश झाला, पण म्हणाला, "इथे एक फळीही ठेवायची नाही. सकाळी साहेबाला दिसली तर माझी नोकरी जाईल." आता नऊ फळ्या ठेवायच्या कुठे? कुणाकडेच तेवढी जागा नाही. शेवटी एकेकानं एकेक नेली. तिन्ही टोळ्यांत तीन-तीन गेल्या. दर रविवारी दुपारी चार वाजता ज्यानं त्यानं आपली फळी घेऊन यायचं, असं ठरलं. यात माझी काही हुशारी नाही रे, नाइलाज होता.

तुझ्या चुकीवर रागावू की हसू, ते अजून ठरवलेलं नाही.

टाचणी


१४ मार्च

टाचणीबाई,

तुझं पत्र मामीला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. साडूच्या कहाणीपाशी ती इतकी हसली की मलासुद्धा ऐकू आलं.

पलंगांचा विचार मी केला नाही हे खरं. मापाच्या कागदावर पलंग नव्हते. पण मला माझ्या चुकीचं काडीचंही वाईट वाटत नाही, हे लिहून ठेव.

आता एक विचारतो. पाच नंबर कुणाकडे आहे? ती फळी साधी नाही. ती आली नाही तर आठ जणांनी आणलेल्या आठ फळ्या म्हणजे नुसतं लाकूड. त्या पिवळ्या टोपीकडे गेली असेल तर आधी बदलून घे. तिनं तुझी छत्री उचलली, उद्या सगळा खेळ अडवून धरेल. माणसं ओळखायला मी चुकत नाही.

आणि आखडलेला हात कुठला? डावाच ना? पाहुण्यांना आधी म्हणे! लहानपणी गोल झोपाळ्यावर पहिली चढायचीस, पाहुण्यांना ढकलून.

मामा

(खालच्या ओळी मामीच्या. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, तेवढ्यात लिहून घेते. तुझ्या मामांचे हात वर्षभरापासून थरथरतात. कुणाला बोलत नाहीत. त्या नऊ फळ्यांना पूर्वी आठवडा लागला असता, या खेपेला सहा आठवडे लागले. रोज सकाळी उन्हात हात शेकायचे आणि मग रंधा धरायचे. तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं. मी सांगितलं असं म्हणू नकोस.)


६ एप्रिल

टाचणीबाई,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तुझी आई म्हणते "मजेत आहे". तिच्या "मजेत"चा अर्थ मला पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

फळ्या जमतात ना? एवढंच कळव. एका ओळीत लिहिलंस तरी चालेल.

मामा


१३ एप्रिल

मामा,

एका ओळीत मावणार नाही.

पाच नंबर भिंगरीकडे नव्हती. माझ्याकडेच होती. पलंगाखाली. आणि दोन रविवार मीच गेले नाही.

आता सगळं सांगते. डिसेंबरात सराव करताना डाव्या मनगटात काहीतरी कट्‌कन झालं. तरीही मी बॅटल केली. तू पाहिलंस ते खरं होतं. तुझी जमीन आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मनगट असं सुजलं की कप धरता येईना. डॉक्टर म्हणाले, आत बारीक हाड तडकलंय. त्यांनी प्लास्टर घातलं आणि तीन महिने हातावर भार टाकायचा नाही म्हणून सांगितलं. म्हणजे मे महिन्याची बॅटल गेली. दुकानात काचा घासायच्या मशीनवरून मला काउंटरवर बसवलं.

हातात प्लास्टर घेऊन कडेला उभं राहायचं आणि इतरांना माझ्याच जमिनीवर नाचताना बघायचं, हे मला जमेना. पहिल्या रविवारी डोकं दुखतंय म्हटलं. दुसऱ्या रविवारी फोनच बंद ठेवला. आठ माणसं आठ फळ्या डोक्यावर घेऊन आली आणि परत गेली. दोनदा. तू लिहिलं होतंस, पिवळी टोपी खेळ अडवून धरेल. मी ते वाचलं आणि पत्र उशीखाली घातलं.

तिसऱ्या रविवारी दारावर थाप पडली. भिंगरी! खांद्यावर स्वतःची फळी. तीन मजले चढून आलेली.

तिची नजर प्लास्टरवर पडली. म्हणाली, "अच्छा. म्हणजे डोकं इथे दुखतंय."

मी म्हटलं, "फळी पलंगाखाली आहे. घेऊन जा."

"फळी तर नेणारच. तू चप्पल घाल."

"मी काय करू येऊन? नाचता येत नाही."

"मग बोलता तरी येतं का? चार वर्षांत आवाज ऐकलेला नाही तुझा."

मी सरळ विचारलं, "छत्री का चोरलीस?"

ती खालीच बसली, फळीवर. म्हणाली, "बेकरीच्या काचेसमोर सराव करायचीस ना? भिंतीकडे तोंड, पण काचेत सगळी दिसायचीस. मी रोज संध्याकाळी तिथूनच घरी जाते. चोरली कसली! इतकी आवडली की राहवलं नाही. वाटलं, बॅटलमध्ये केली तर तू ओळखशील, नंतर बोलशील. तू जांभई दिलीस."

मामा, मी उजव्या हातानं पलंगाखालून पाच नंबर ओढून काढली.

मग ती म्हणाली, "पण तुझ्यासारखी नाही जमली. बोटं पुढे ठेवली की मनगटात कळ यायची. मी बोटं बाहेर वळवली आणि कोपर पोटाशी टेकवलं. मग सगळा भार हातावर न येता अंगावर येतो." तिथेच खोलीत, दोन पलंगांच्या मधल्या फटीत, तिनं करून दाखवली. अगदी अलगद उतरली. आणि मी प्लास्टर मांडीवर घेऊन बघत बसले. बोटं बाहेर! एवढंच! सात महिने मी कुणाला बघू दिलं नाही, म्हणून मला हे सांगणारं कुणी नव्हतं. जिनं पाहिलं, तिनं ती दुरुस्त करून ठेवली होती.

मी चप्पल घातली.

त्या दिवशी शेडमध्ये मी सगळ्यांसमोर कबूल केलं की फळी मीच अडवली होती. वेल्डर म्हणाला, "दोन रविवार ही लाकडं डोक्यावर घेऊन फिरलोय, मान वाकडी झाली. माफी नको, काहीतरी दे." मी म्हटलं, "छत्री देते." आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना शिकवली, भिंगरीच्या बोटांसकट. मग वेल्डरनं त्याची लपवलेली उडी दाखवली. मग तिसऱ्या टोळीतली नर्सबाई पुढे आली. आता रविवारचा हाच नेम झालाय. नाचायच्या आधी प्रत्येकानं आपण सर्वांत जास्त लपवलेलं काहीतरी एकदा उघडून दाखवायचं. कुणी परीक्षक नाही. चुकलं की सगळे मिळून हसतात, आणि मग सगळे मिळून सुधारतात.

तूही हात लपवतोस, असं मला कळलंय. कुणाकडून ते सांगणार नाही. आपण दोघं एकाच झाडाचं लाकूड दिसतो. भोक उजव्या हाताला का ठेवलंस, तेही आत्ता कळलं.

आता खरी काळजी ऐक. पंचवीस मेला बॅटल आहे. जसजशी ती जवळ येतेय, तसे लोक पुन्हा भिंतीकडे वळायला लागलेत. गेल्या रविवारी वेल्डरच्या टोळीतलं कुणी आलं नाही. त्यांच्याकडे एक, दोन आणि तीन नंबर आहेत. बॅटलनंतर सगळे पुन्हा आपापल्या रस्त्यानं गेले, तर हे सगळं चार रविवारांची गंमत ठरेल. मला ते नकोय. मी आणि भिंगरीनं निरोप धाडलाय की त्या दिवशी प्रत्येकानं फळी घेऊन हॉलच्या दाराबाहेर यायचं. आत बॅटल चालू दे. जो हरेल त्यानं मागच्या दारानं पळायचं नाही. पुढच्या दारानं बाहेर यायचं आणि या जमिनीवर नाचायचं. भिंगरी आत उतरणार आहे आणि तिनं मला बजावलंय, "हरले तर पहिली बाहेर मी. जिंकले तरी येईन, पण जरा भाव खाऊन."

किती फळ्या येतील, माहीत नाही. "येतो" असं छातीठोक कुणीच म्हणालेलं नाही. पण मी पाच नंबर घेऊन तिथे उभी असणार, हे नक्की.

तू येशील? टेम्पोवाल्याला सांग. साडूचं पुढे काय झालं, तेही मला ऐकायचंय.

टाचणी


२ जून

टाचणीबाई,

सुखरूप पोचलो. टेम्पोवाल्याचा आता साडूशी समेट झालाय, त्यामुळे परतीचा प्रवास जरा कंटाळवाणा गेला.

तू म्हणालीस, "मामा, तुला काय दिसलं ते लिही." तर लिहितो.

दुपारी त्या हॉलसमोर तू मला खुर्ची दिलीस. मी ती घेतली नाही, कारण खुर्चीचा मागचा पाय हलत होता. फूटपाथच्या कडेवर बसलो. आतून ढोल बडवल्यासारखा आवाज येत असावा, कारण माझ्या बुडाखालचा दगड धडधडत होता. एकेक फळी येत होती. चार, सहा, सात. नर्सबाई आठ आणि नऊ, दोन्ही घेऊन आली. ड्यूटीवरून थेट, पांढऱ्या बुटांत. मग एक आणि दोन आल्या. तीन नंबर येईना. वेल्डर आत होता आणि फळी त्याच्या घरी.

तुझा चेहरा मी बघत होतो. लहानपणी तुझ्या हातून काही निसटलं की तू ओठ आत घ्यायचीस. तशीच उभी होतीस, पाच नंबर उजव्या हाताखाली धरून.

मग आत काहीतरी झालं आणि वेल्डर हरला. शिंप्याच्या मोबाइलवर असतं तर मी तिथेच बंद केलं असतं. तो बाजूच्या बोळात उघडणाऱ्या मागच्या दारानंच बाहेर पडला. मी पाहिलं. मान खाली, बॅग खांद्यावर, आपल्याकडे न बघता कोपऱ्यावरून वळला. तू हाक मारलीस. तो थांबला नाही. भिंगरीही तोवर हरून, म्हटल्याप्रमाणे पहिली पुढच्या दारानं येऊन तुझ्याशेजारी उभी होती. मला वाटलं, संपलं. तुझ्याशी काय बोलावं, ते मी मनात जुळवत होतो.

अर्ध्या तासानं तोच कोपरा, तोच माणूस. डोक्यावर तीन नंबर. घामानं निथळलेला. तुझ्यापुढे येऊन त्यानं फळी ठेवली आणि काय म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. तू नंतर सांगितलंस, "घर लांब आहे. ओरडू नका."

तू पाच नंबर सोडलीस. टप्प मला ऐकू आलं नाही, पण तळव्याला कळलं. मी हात जमिनीवर टेकवला होता. सांधा बसला की लाकूड एकदाच, हळूच, आत श्वास घेतं. चाळीस वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मग वेल्डर जमिनीवर गेला आणि त्यानं काय केलं? तुझी छत्री! आणि तू कडेवरून जे ओरडलीस, "बोटं बाहेर! बोटं बाहेर!", ते मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. तो अलगद उतरला. सगळे हसत होते. तो स्वतःही. त्यानंतर दार उघडायचं आणि कुणी ना कुणी बाहेर यायचं. हरलेले, जिंकलेले, ओळखीचे, अनोळखी. जमिनीभोवतीचा गोल तीन पदरी झाला. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तरी ते हलत नव्हते. माझा हात सगळा वेळ फळीवर होता. कोण हलका उतरतो आणि कोण धपकन, सगळं कळत होतं. सात नंबरची एक कड जरा सैल झालीय. बघून घे.

आणि गंमत बघ, इतका वेळ फळीवर टेकलेला माझा हात थरथरत होता की नाही, ते कळलंच नाही. सगळी जमीनच हलत होती.

आता खरं सांगायचं ते हे. परत आल्यावर मी एक कागद घेतला आणि मुक्या सांध्याचं चित्र काढलं. रेघा वाकड्या आल्या. ते घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलो. तो अंगणात बसला होता. कानावर अजूनही पेन्सिल. मी कागद पुढे केला. म्हटलं, "तू एकदा विचारलं होतंस, हे धरतं कसं. असं धरतं."

त्यानं चष्मा लावला. रेघांवरून बोट फिरवलं. मग माझ्या कानाशी येऊन ओरडला, "अरे, हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे! तू जेवायला घरी गेलास की मी उघडून बघायचो!"

मी म्हटलं, "मग कधी केला का नाहीस?"

म्हणाला, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

पोरी, तीस वर्षं. दोन गल्ल्या. मी तिथेच त्याच्या पायरीवर बसलो. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या चित्रावर एक रेघ ओढली. म्हणाला, "पण तू चारी बाजूंनी कड बंद का करतोस? मला तेव्हाच खटकलं होतं. बाहेरची कड उघडी ठेवली की पुढे वाटेल तेवढ्या फळ्या जोडता येतील." इतकी साधी गोष्ट! माझ्या डोक्यात कधी आली नाही, कारण दाखवलंच कुणाला नव्हतं.

सोबत तो कागद पाठवतोय. वाकड्या रेघा माझ्या, सरळ रेघ त्याची. वेल्डरला दे, भिंगरीला दे, रखवालदाराला दे, भिंतीवर चिकटव. ज्याला हवं त्याला उतरवून घेऊ दे. आणि भिंगरीला सांग, माणसं ओळखायला मी चुकत नाही असं लिहिणारा म्हातारा तिची माफी मागतो.

उद्यापासून आम्ही दोघं कामाला बसतोय. मी लाकूड धरतो, रंधा तो मारतो. मामी म्हणते, दोघं बहिरे एकमेकांवर ओरडताहेत, गल्लीला करमणूक आहे.

तेव्हा मापं लवकर पाठव. फक्त या खेपेला खोलीचं माप नको. माणसं किती येतात, तेवढं कळव.

तुझा,
सुतारमामा